पांढऱ्या डोळ्यांचे डास

ॲनोफिलिस डासाचं अंडं मादीच्या पोटातून बाहेर पडतं तेव्हा पांढरंशुभ्र असतं. पुढच्या तास-दोन तासांत ते राखाडी होत जातं आणि शेवटी काळं पडतं. काळं पडलं की कवच इतकं टणक होतं की काचेच्या सुईचं टोक मोडतं, अंड्याला काही होत नाही. उलट अगदी पांढरं असताना टोचलं तर मऊ कवचातून आतला द्रव भसकन बाहेर येतो आणि अंडं वाया जातं. आम्हाला हवी असते ती मधली फिकट राखाडी छटा. ती थोडाच वेळ टिकते, आणि तेवढ्यात अंडी ओळीत लावून, सगळ्यांची टोकं एका दिशेला करून, एकेक टोचून व्हायला हवीत.

डासांच्या जनुकांवर काम करते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संगणकाचा पडदा आणि त्यावर अक्षरांची लांबलचक रांग येते. ती रांग असते, पण तिच्यापुढे बसायची वेळ क्वचित येते. माझा बराचसा वेळ अळ्यांना खायला घालण्यात, कोष निवडण्यात आणि माद्यांनी आम्हाला सोयीच्या वेळी अंडी घालावीत म्हणून त्यांची मनधरणी करण्यात गेला आहे. एका जातीचं एकच जनुक बदलून नवं वाण उभं करायचं, एवढं ते काम. ते कसं झालं ते लिहिते.

डासाची जात होती ॲनोफिलिस स्टेफेन्सी. शहरात मलेरिया पसरवणारा हा डास. गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामावर साठवलेलं पाणी, असलं तुलनेनं स्वच्छ पाणी त्याला लागतं. दक्षिण आशिया आणि आखाताच्या आसपासचा हा रहिवासी २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, मग २०१६ मध्ये इथिओपियात. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः ग्रामीण. तिथल्या वाढत्या शहरांत सहज राहू शकणारा वाहक येणं ही वाईट बातमी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार माणसं त्यानं दगावली. त्यातले बहुतेक मृत्यू आफ्रिकेतले, आणि त्यांत पाच वर्षांखालच्या मुलांचा वाटा सगळ्यात मोठा.

कीटकनाशकं आहेत, औषध लावलेल्या मच्छरदाण्या आहेत, आणि त्यांनी लाखो जीव वाचवले यात शंका नाही. पण डासही स्वस्थ बसलेले नाहीत. त्यांच्या चेतापेशींमधल्या सोडियम वाहिनीच्या जनुकात १०१४ व्या जागी ल्यूसिन हे अमिनो आम्ल असतं. तिथे एक अक्षर बदलून फिनाइलअलानिन आलं की मच्छरदाणीवरचं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक त्या वाहिनीला नीट पकडू शकत नाही. एक अक्षर, बस्स. आम्ही वर्षानुवर्षं खटपट करून जे करू पाहतो ते डासांनी आपसूक, फवारणीच्या दडपणाखाली, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे केलं आहे. डासाला नावं ठेवताना हे मी विसरत नाही.

बदलासाठी आम्ही निवडलेलं जनुक डोळ्याच्या रंगाशी संबंधित होतं. कायन्युरेनिन हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम या जनुकावरून बनतं आणि त्याच्याशिवाय डोळ्यातलं गडद रंगद्रव्य तयार होत नाही. दोन्ही प्रती बिघडल्या की डास पांढऱ्या डोळ्यांचा निपजतो. अशी निवड करण्यामागे साधा हिशेब असतो: बदल झाला की नाही हे डोळ्यांनी दिसावं. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी याच डासात, याच जनुकावर जीन ड्राइव्हचा, म्हणजे एक बदल जवळजवळ सगळ्या संततीत पोहोचवण्याच्या तंत्राचा, पहिला प्रयोग केला होता, त्यामुळे वाट थोडी मळलेली होती. आम्ही त्या जागी लाल चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घुसवणार होतो. त्यासाठीचा प्लाझ्मिड (नवं जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं), गाइड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा) वगैरे ट्यूबमधलं काम मला आधीपासून येत होतं. ते झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगण्यासारखं आहे ते इन्सेक्टरीबद्दल. दोन दारांमागची ती डास पाळायची खोली, आत २७-२८ अंश तापमान, ७०-८० टक्के आर्द्रता, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. चष्मा आत गेल्यागेल्या धुरकटतो. भिंती पांढऱ्या, कोट पांढरे, कारण सुटलेला डास पांढऱ्यावर चटकन दिसतो. एका बाजूला पसरट ट्रेमध्ये अळ्या, दुसऱ्या बाजूला जाळीचे पिंजरे. या खोलीचा सगळा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. पदानं तंत्रज्ञ, शिक्षण बेताचं, पण कुठल्या ट्रेमधल्या अळ्या उद्या कोषात जातील हे ते लांबून सांगायचे आणि ते खरं ठरायचं.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कागदावर वाळवून महिनोन् महिने ठेवता येतात. हवी तेव्हा पाण्यात टाकली की अळ्या बाहेर. त्यामुळे एडिसवर काम करणारे लोक सुटीवर जातात. ॲनोफिलिसची अंडी वाळली की मेली. म्हणजे वाण टिकवायचं तर पिढीमागून पिढी चालू ठेवायची, मधे खंड नाही. सण, आजारपण, घरचं लग्न, काहीही असो, अळ्यांना खायला लागतंच. खायला म्हणजे माशांचं खाद्य बारीक दळून. ॲनोफिलिसच्या अळीला श्वासनळीचा लांब दांडा नसतो, ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते आणि वरचा तवंगच खाते. खाद्य जास्त पडलं की पृष्ठभागावर साय धरते, अळ्यांना श्वास घेता येत नाही आणि सकाळी अख्खा ट्रे मेलेला असतो. कमी पडलं तर डास बारके निपजतात, बारक्या माद्या कमी रक्त पितात, कमी अंडी घालतात आणि तुमचा इंजेक्शनचा दिवस बुडतो. काकांच्या चिमटीला हे प्रमाण माहीत होतं. मी वजनकाट्यावर मोजून टाकायचे आणि तरी त्यांच्या अळ्या माझ्यापेक्षा भरदार असायच्या.

अंड्यापासून डास व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. नर आणि मादी दोघंही साखरेच्या पाण्यावर जगतात; रक्त फक्त मादीला लागतं आणि तेही अंडी पिकवण्यासाठी. रक्त देण्याचं यंत्र म्हणजे ३७ अंशांना तापवलेली छोटी वाटी, तिच्यावर ताणून बसवलेला पातळ पडदा. ती पिंजऱ्यावर उपडी ठेवायची आणि माद्या खालून येऊन सोंड खुपसतात. त्या दिवशी पोटं टचटचीत लाल दिसतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत लाल कमी होत जातं आणि पोट पांढरट दिसायला लागतं. ती आत पिकलेली अंडी.

“ताई, आज नका घेऊ यांना,” काका पिंजऱ्याशी डोळे नेऊन म्हणायचे. “अजून लाली आहे. उद्या या, सकाळी.”

“पण काका, सुया आज काढून ठेवल्यात मी.”

“सुया थांबतील. या नाही ऐकायच्या.”

नाहीच ऐकायच्या. तयार झालेल्या माद्या ओल्या कागदाच्या नळीत घालून काळोखात ठेवायच्या. रात्र समजून त्या अंडी घालतात. वीसेक मिनिटांनी काढायचं, अंडी पांढरी असतानाच. एक अंडं अर्धा मिलिमीटर लांब, होडीसारखं, दोन्ही बाजूंना तरंगण्यासाठी हवेचे फुगवटे. मऊ कुंचल्यानं ती उचलून ओल्या पडद्याच्या कडेला लावायची. एक टोक जरा जाड आणि बोथट, दुसरं निमुळतं. निमुळतं टोक मागचं. सगळी निमुळती टोकं सुईकडे हवीत, कारण पुढच्या पिढीची बीजं बनणाऱ्या पेशी गर्भाच्या मागच्या टोकाला तयार होतात. आपण आत सोडलेलं द्रव्य त्या पेशी आकार घेण्याआधी तिथे पोहोचलं पाहिजे. पोटात, डोक्यात, पंखात जनुक बदललं तरी तो बदल त्या डासाबरोबर मरतो.

सुई म्हणजे काचेची नळी तापवून ओढून केलेलं टोक, केसापेक्षा कितीतरी बारीक. तिच्यात डीएनए कापणारी कात्री म्हणजे कास-९ प्रथिन, गाइड आरएनए आणि आत घालायच्या डीएनएचं मिश्रण. मायक्रोस्कोपखाली सुई स्थिर, आणि अंडी ठेवलेली पट्टी तिच्याकडे सरकवायची. टोक टेकतं, कवच किंचित दबतं, मग एकदम आत. दाब सोडला की अंड्याच्या आत पाण्यासारखी एक फिकट हालचाल दिसते. तेवढीच. मग सुई बाहेर, पुढचं अंडं. मधेच सुई तुंबते. टोक थोडं मोडून मोकळं करायचं, पण मग भोक मोठं होतं आणि अंड्यातून गळती सुरू होते. पहिल्या ओळीतली अंडी राखाडी असतात, शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचताना ती काळवंडायला लागलेली असतात. खांदे भरून येतात. या कामाला शांत स्वभाव लागतो असं लोक म्हणतात. माझ्या मते त्याहून जास्त चांगली खुर्ची लागते.

दोन दिवसांनी अंडी फुटतात. टोचलेल्यांपैकी दहा-वीस टक्क्यांतून अळ्या निघाल्या तरी दिवस चांगला गेला म्हणतात. कित्येकदा एवढ्याही निघाल्या नाहीत. निघालेल्या प्रत्येक अळीची बडदास्त वेगळी. आणि यांच्यापैकी कुणाच्या बीजपेशींत बदल झाला आहे हे या टप्प्यावर कळत नाही. ते त्यांच्या मुलांवरून कळणार.

मुलं हवीत म्हणजे लग्नं लावायला हवीत, आणि इथे डासांचा एक स्वभाव महत्त्वाचा ठरतो. मादी सहसा आयुष्यात एकदाच समागम करते. शुक्राणू एका छोट्या पिशवीत साठवून ठेवते आणि जन्मभर तेच वापरते. एकदा तिची पिशवी भलत्याच नराकडून भरली गेली की ती आपल्या उपयोगाची राहत नाही. म्हणून कोष असतानाच नर-मादी वेगळे करावे लागतात. कोष पाण्यात गुलांट्या मारत असतो. त्याला शोषनळीनं उचलून काचेवर घ्यायचं, शेपटीच्या टोकाशी बघायचं. नराचा जननेंद्रियाचा भाग लांबट, मादीचा आखूड. एक नर चुकून माद्यांच्या पेल्यात गेला तर सगळा पेला बाद. याच स्वभावावर वंध्य नर सोडून डास कमी करण्याची सगळी पद्धत उभी आहे: मादीनं वंध्य नर निवडला की तिची सगळी अंडी फोल. डासांच्या नियंत्रणातलं बरंचसं शास्त्र शेवटी ‘ती कुणाला निवडते’ या प्रश्नाशी येऊन ठेपतं.

टोचलेल्या अंड्यांतून वाढलेले डास साध्या, न बदललेल्या डासांशी जोडले. त्यांच्या अळ्या फ्लुरोसेन्स मायक्रोस्कोपखाली तपासायच्या. अंधारी खोली, अळ्या थंड करून सुस्त केलेल्या, एकामागून एक काळ्या आकृत्या. काळी, काळी, काळी. अन्न खाल्लेल्या आतड्याची फसवी चमक मधेच दिसते आणि छातीत धस्स होतं. मग एका ट्रेमध्ये एक अळी आली, जिच्या डोक्यात दोन लालभडक ठिपके पेटलेले होते, आणि पोटाखालून गेलेल्या चेतारज्जूवर लाल मण्यांची रांग. तिथे शंकेला जागा नव्हती. मी काकांना बोलावलं. त्यांनी भिंगात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “हिला वेगळा पेला द्या. आणि नाव लिहा वर, नाहीतर कुणी ओतून देईल.”

त्या अळीचे आणि तिच्या भावंडांचे डोळे मोठेपणी काळेच होते. एक प्रत बिघडलेली, दुसरी शाबूत. एवढ्यावर रंग बनतो. अशा दोघांचा संकर केला की पुढच्या पिढीत चारातला एक पांढऱ्या डोळ्यांचा येतो, मेंडेलनं सांगितल्याप्रमाणे. आले. कोषातच ओळखू येत होते. बाकीच्या कोषांवर डोळ्यांचे काळे ठिपके, यांच्यावर काहीच नाही. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी येऊन बघून घेतलं.

आता पांढऱ्या डोळ्यांच्या नर-माद्या एकत्र ठेवून शुद्ध वाण करायचं, एवढंच राहिलं होतं. रक्त दिलं. माद्या प्यायल्या. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेल्या माद्यांचा खच होता, आणि उरलेल्यांनी घातलेली अंडी अगदीच थोडी.

हे अनपेक्षित नव्हतं. इतर संशोधकांनी हे नोंदवलेलं आहे. पण वाचणं वेगळं आणि तो पिंजरा हातात घेणं वेगळं. कारण रासायनिक आहे. रक्त म्हणजे प्रथिनांचा साठा, आणि त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल येतं. त्याची विल्हेवाट लावायच्या वाटेवरचं एक एन्झाइम म्हणजे आपण बिघडवलेलं तेच कायन्युरेनिन हायड्रॉक्सिलेज. आम्ही त्याच्याकडे डोळ्याच्या रंगाचं जनुक म्हणून पाहत होतो. मादीच्या लेखी ते जेवण पचवण्याचंही जनुक होतं. साखरेच्या पाण्यावर तिला कसलाच त्रास नव्हता. रक्त प्यायल्यावर मात्र ती मरत होती.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. जनुक बदलता येतं. बदललेला डास जगतो का, खातो का, त्याला जोडीदार मिळतो का, त्याची अंडी फुटतात का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर संगणकावर काढता येत नाही. त्यासाठी डास पाळावे लागतात. मलेरियाच्या परजीवीला रोखणारं उत्तमातलं उत्तम जनुक डासात घातलं, पण त्यानं मादी अर्धी अंडी घालायला लागली, तर काही पिढ्यांत ते जनुक नाहीसं होणार. निसर्गाला त्या जनुकाचं आपल्यासारखं कौतुक नाही.

म्हणूनच जीन ड्राइव्हची कल्पना पुढे आली. एरवी एक जनुक निम्म्या संततीत जातं. ड्राइव्हमध्ये जनुकाबरोबर कात्रीही जाते: ती समोरच्या गुणसूत्रावरची साधी प्रत कापते, आणि पेशी ती दुरुस्त करताना नमुना म्हणून ड्राइव्हचीच नक्कल उतरवून घेते. मग जवळजवळ सगळी संतती ते घेऊन जन्मते. २०१५ च्या प्रयोगात हे प्रमाण ९९ टक्क्यांच्या पुढे होतं. लंडनमधल्या गटानं २०१८ मध्ये ॲनोफिलिस गॅम्बिई या आफ्रिकेतल्या डासाच्या ‘डबलसेक्स’ या लिंगनिश्चितीच्या जनुकावर ड्राइव्ह लावला, तेव्हा पिंजऱ्यातली सगळी डासवस्ती ७ ते ११ पिढ्यांत संपली.

पण कापलेली जागा पेशी नेहमीच नक्कल करून सांधत नाही. कधी ती दोन टोकं तशीच चिकटवून टाकते, एखाद-दुसरं अक्षर गाळून किंवा वाढवून. मग ती जागा कात्रीला ओळखू येत नाही आणि त्या प्रतीवर ड्राइव्हचा उपाय कायमचा हरतो. यात आईचा हात विशेष: तिनं अंड्यात सोडलेलं कास-९ वडिलांकडून आलेली प्रत इथे-तिथे कापत सुटतं. अशा डासांचे डोळे बघण्यासारखे असतात, अर्धा काळा, अर्धा पांढरा, कडेला चट्टे. दिसायला सुंदर आणि अर्थ असा की आपली योजना इथे फसते आहे.

याच कोड्यावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला उपाय मला आजही फार हुशारीचा वाटतो. ड्राइव्हच्या आतच त्या डोळ्याच्या जनुकाची चालू प्रत घातली, पण तिची अक्षरं अशी बदलून की प्रथिन तेच बनेल आणि कात्रीला मात्र ती ओळखू येणार नाही. ड्राइव्ह मिळालेली मादी काळ्या डोळ्यांची आणि धडधाकट; रक्त पचवते, अंडी घालते. आणि ज्या माद्यांना दोन्हीकडून चुकीनं सांधलेल्या, निकामी प्रती मिळतात त्या रक्त प्यायल्या की मरतात. म्हणजे आमच्या पिंजऱ्याच्या तळाशी जी अडचण पडलेली होती तीच तिथे राखणीला बसवली. त्या छोट्या पिंजऱ्यांमधल्या चाचण्यांत ५ ते ११ पिढ्यांत ९५ टक्क्यांहून जास्त डासांत ड्राइव्ह पोहोचला.

आमचं दुसरं वाण त्याच धर्तीवर केलं, फक्त कात्री आणि नमुना वेगवेगळ्या वाणांत ठेवून. दोघांचा संकर केला तरच नक्कल होते. एकटं सुटलं तर ते इतर कुठल्याही जनुकासारखं निम्म्या संततीत जातं आणि विरत जातं. जैवसुरक्षा समितीनं यालाच परवानगी दिली आणि मला ते योग्य वाटलं. नियम कडक असतात: दाराबाहेर काहीही न्यायचं तर आधी उणे वीस अंशांत गोठवायचं, अळ्यांचं पाणी उकळल्याशिवाय ओतायचं नाही, मोरीला बारीक जाळी, आणि दोन दारांच्या मधल्या जागेत थांबून अंगावर डास नाही हे आरशात बघायचं. सुरुवातीला मला यातलं थोडं नाटकी वाटायचं. नंतर एकदा आरशात माझ्या कॉलरवर एक दिसला.

पुन्हा अंडी, पुन्हा सुया, पुन्हा काळ्या अळ्यांच्या रांगा. ते सगळं परत सांगत नाही. दुसऱ्या वाणाच्या माद्यांना पहिल्यांदा रक्त दिलं त्या रात्री मी घरी गेले, पण झोप अशी लागली नाही. सकाळी काका माझ्याआधी आत होते. “उडतायत सगळ्या,” एवढंच म्हणाले आणि अळ्यांकडे वळले.

त्यानंतर पिंजऱ्यातल्या चाचण्या. एकेका पिंजऱ्यात साधे आणि बदललेले डास ठरलेल्या प्रमाणात सोडायचे, तीनेक आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक पिढीतल्या अळ्या मोजायच्या: किती लाल, किती साध्या, किती पांढऱ्या किंवा चट्टेवाल्या डोळ्यांच्या. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते आवडतं. कात्रीवाल्या वाणाशी संकर केलेल्या पिंजऱ्यांत लाल अळ्यांचं प्रमाण निम्म्याच्या बरंच वर जाताना दिसलं. चट्टेवाले डोळे येत राहिले, पण वाढले नाहीत. आकडे अजून तपासले जात आहेत, म्हणून इथे देत नाही.

हे सगळं मलेरियावर लावायचं तर या सांगाड्यात परजीवीला अडवणारं काहीतरी बसवायला हवं. परजीवी मादीच्या पोटात गेल्यापासून लाळग्रंथीत पोहोचेपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस घेतो. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉसनं डासाच्या जठराच्या भिंतीवर पाहिलेल्या गाठी याच वाटेवरच्या. बऱ्याच माद्या तेवढं जगतच नाहीत. जगतात त्यांच्यात परजीवीला चिकटून त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार व्हावीत, अशी जनुकं उपलब्ध आहेत. ती घातल्यावर मादीचं आयुष्य किती घटतं, हा प्रश्न पुन्हा पिंजऱ्यात येऊन बसतो.

आणि पिंजऱ्याबाहेर माणसं आहेत. सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणासाठी एक केंद्र चालवलं होतं. वंध्य नर सोडण्याचे त्या काळातले जगातले आघाडीचे प्रयोग तिथे झाले. या केंद्राला पैसा अमेरिकेचा होता. ही जैविक युद्धाची तयारी आहे असे आरोप वर्तमानपत्रांतून झाले, संसदेच्या लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले आणि १९७५ मध्ये केंद्र बंद पडलं. बुर्किना फासोमध्ये २०१९ च्या जुलैत बाना गावी जनुक बदललेले वंध्य नर सोडले होते, ड्राइव्ह नसलेले. तिथल्या सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये तो प्रकल्प थांबवला. आमच्या क्षेत्रातले काही जण याला अडाणीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांच्या अंगणात डास सोडायचा त्यांनी आधी विचारावं आणि नाही म्हणावं, हा त्यांचा हक्क आहे. वोल्बाकिया जीवाणू असलेल्या एडिस डासांनी इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, हा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष भक्कम आहे, आणि तिथे डास सोडण्याआधी घरोघरी जाऊन बोलण्यात कित्येक वर्षं गेली होती.

सध्या मी अडकले आहे ती वेगळ्याच जागी. प्रयोगशाळेतलं वाण कित्येक पिढ्या पिंजऱ्यात वाढलेलं. त्याला हातभर पिंजऱ्यात समागम करायची, पडद्यातून रक्त प्यायची सवय झालेली आहे. बाहेरचे डास तसे नसतात. म्हणून आम्ही बाहेरच्या टाक्यांमधून अळ्या आणून त्यांच्याशी आमच्या वाणाचा संकर करतो आहोत. आधी जात पक्की करायची. त्यातही स्टेफेन्सीचे तीन प्रकार, आणि ते ओळखायचे तर अंड्याच्या बाजूच्या फुगवट्यावरच्या रेघा मोजायच्या: मलेरिया जास्त पसरवणाऱ्या प्रकारात त्या जास्त असतात. मोजल्या. प्रकार हवा तोच निघाला. पण त्यांच्या माद्या पडद्याला तोंड लावत नाहीत, आणि नर संध्याकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहतात. मोकळ्यावर ते सांजेला थवा करून नाचतात आणि मादी त्या थव्यात शिरते. हातभर जागेत थवा होत नाही. काकांनी छतापर्यंत जाणारा पिंजरा सुचवला आहे, तळाशी काळं कापड आणि दिवे हळूहळू मंदावणारे, म्हणजे सांज झाल्यासारखं वाटेल. माप घेऊन झालं आहे. जाळी आली की शिवायला देणार.